दोन हातांचे नाणे

फार जुनी गोष्ट. राजाच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष, हेमंत ऋतू, पहिला पंधरवडा. वारा फिरला होता आणि बंदरातली यवनांची, म्हणजे पश्चिमेकडच्या समुद्रापारच्या व्यापाऱ्यांची, गलबते परत निघाली होती.

एका यवनाजवळची चांदी संपली. मिरीवाल्या बाईची वर्षभराची मिरी मात्र त्याला हवी होती. त्याने तिच्या हातावर एक नाणे ठेवले.

"बाकीची नाणी शरदात आणतो. तेव्हा हे जसे आहे तसे मला दाखव. मग जन्मभर मिरी तुझ्याच वाडीची घेईन. घासाघीस नाही."

बाईने शब्द दिला आणि मिरीही दिली.

नाण्याच्या एका अंगाला यवनांच्या राजाचे मुंडके होते, नाक पोपटाचे. दुसऱ्या अंगाला नुसते दोन हात, एकमेकांत धरलेले. धड नाही, तोंड नाही. सारे बंदर बघायला लोटले.

त्या बंदरात भाव उपरण्याखाली ठरे. कापडाआड हात धरायचा, बोटे दाबून आकडा सांगायचा. म्हणून जो तो नाण्यावरची बोटेच मोजू लागला.

"चार दिसतात," दलाल म्हणाला. "चारच नाणी मिळणार तुला, बाई."

"अंगठा कुठं धरलात, दादा?" कोळीण म्हणाली. "आणि यांचं उपरणं कुठाय?"

"यवन ते. त्यांना कसली लाज!"

हसून झाले. मग सोनार म्हणाला, "चित्र राहू दे. पोटात तांबं असलं तर? छिन्नी मारल्याशिवाय परदेशी नाणं मी खरं मानत नाही."

बाईने नाणे कनवटीला खोचले. "जसंच्या तसं ठेवीन म्हटलंय मी."

पण पावसाळ्यात घरातले भात संपले. रोज कोणी विचारी, "काय गं, आलं का तुझं गलबत?" श्रावणात ती स्वतःच सोनाराकडे गेली. घाव दोन हातांच्या मधोमध बसला. आत पांढरीशुभ्र चांदी होती.

शरदात यवन आला. त्याने चिरेवरून बोट फिरवले.

"कोणी केलं?"

"मीच. तांबं आहे का पाहिलं."

"होतं?"

"नाही."

"हे हात म्हणजे भाव नव्हता, बाई. आमच्याकडे शब्द देताना असा हात धरतात."

यंदाची मिरी त्याने शेजारच्या वाडीतून घेतली.

चांदी घाव सोसते, शब्द सोसत नाही.

मागची बाकी त्याने बाईच्या पदरात मोजून टाकली. सगळी.