न विचारता लागलेली टाकी

जात्याला टाकी लावणारी टाकीवाली बाई आधी गल्लीतून ओरडते, मगच घरात येते. का बरं? ऐका तर.

फार मागं, दगडधोंडे बोलायचे तेव्हा, एका घरात एक जातं होतं. त्याचा दगड झिजला, की टाकी नावाची छिन्नी आपण होऊन यायची आणि ठकठक करून त्याला खडबडीत करून जायची. विचारायची म्हणून नाही.

एकदा घरातल्या गोदीच्या लग्नाची हळद दळायची होती. टाकी पहाटेच आपलं काम उरकून गेली. नुकतीच टाकी लागलेल्या जात्यावर आधी कोंडा दळावा लागतो, नाहीतर पिठात दगडाची कच उतरते. पण ती येऊन गेल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. हळदीत कच आली, नवरीच्या गालावर ओरखडे उठले.

जातं भडकलं. "का गं भवाने, कुणी बोलावलं होतं तुला?"

"तुझ्या भल्याचंच केलं की!"

"माझं भलं मला विचारून करावं. आता उंबरा चढू नकोस."

टाकी रुसली, ती आलीच नाही. जातं गुळगुळीत झालं. वरून ज्वारी घातली, की खालून ज्वारीच पडायची. जात्याचा खुंटा खदखदून हसला, "दळतोयस, का दाण्यांना नुसतं फिरवून आणतोयस?"

जात्याला बोलवायची लाज वाटे. एके दिवशी टाकीनंच गल्लीतून हाळी दिली, "जातेबुवा, येऊ का?"

जात्याला नवल वाटलं. विचारते की ही!

"आज नको बाई, पाहुणे जेवतायत. उद्या ये. कोंडा काढून ठेवतो."