सशिणीची होडी आणि एकच शीड

मुलांनो, खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलात एक सशीण राहत असे, आणि तिच्याकडे चक्क एक होडी होती. सशिणीला होडी कशाला, म्हणाल! तर खाडीच्या मधोमध एक गवताळ बेट होतं. तिथवर कोल्हा पोचत नसे, म्हणून सशिणीने आपली तीन पिल्लं त्या बेटावरच ठेवली होती. होडीला शिडं दोन, डोलकाठीवर एक मोठं आणि पुढच्या टोकाला एक लहान. मोठं शीड आणि सुकाणू सशीण सांभाळायची, लहान शिडाची दोरी शेजारचं पाणमांजर धरायचं. वल्हं काही तिला पेलत नसे.

एके दिवशी पाणमांजर भाचीच्या लग्नाला दूर ओढ्यावर गेलं. अमावास्या उद्या आहे अशा समजुतीत सशीण काठावर निवांत चरत होती. मान वर करून पाहते तो काय, पाणी तिवरांच्या मुळांवर चढलेलं! अगं बाई, अमावास्या आजच होती. आणि अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी ते बेट अख्खं पाण्याखाली जायचं. ती धावत होडीपाशी आली आणि थबकली. दोन शिडांच्या दोन दोऱ्या, वर सुकाणू, आणि हिचे पंजे अवघे दोन. शीड एकच लावता येणार होतं. पण कोणतं?

त्या काठाचा रिवाजच असा, की जाणत्यांना विचारल्याशिवाय होडी लोटायची नाही. बगळा तिथेच एका पायावर उभा होता. “बगळेदादा, माझी पोरं बुडतील हो! कोणतं शीड लावू?”

“मोठं लाव, सशीणबाई,” बगळा मान न हलवता म्हणाला. “बेटाकडे जायचं म्हणजे वाऱ्याच्या उलट चढायचं. एकट्या लहान शिडाला ते जमायचं नाही. वारा तुला भलतीकडे घेऊन जाईल.”

“काहीतरीच!” खेकडा बिळातून तिरका तिरका बाहेर आला. “एकटं मोठं शीड होडीचं तोंड वाऱ्यात खुपसतं आणि तिला जागच्या जागी उभी करतं. माझं ऐक पोरी, लहान लाव.”

सशीण कधी याच्याकडे पाही, कधी त्याच्याकडे. दोघेही वयाने मोठे, दोघांनीही जन्म खाडीत काढलेला, आणि बोलणं तर असं ठाम की कोणाला नाही म्हणावं! शेवटी तिने मोठं शीड चढवलं आणि होडी लोटली. डोलकाठीपाशी बसून तिने दोरी घट्ट ताणली. जितकी ताणावी तितकी होडी पळेल, असा तिचा हिशेब. होडी पळाली खरी, पण घटकाभरच. मग तोंड हळूहळू वाऱ्याकडे वळलं, शीड फडफडलं आणि होडी ठप्प! “खेकडेभाऊ म्हणाले तेच झालं,” असं म्हणत तिने मोठं शीड उतरवलं आणि लहान चढवलं. आता तोंड उलट्या बाजूला वळलं आणि होडी वाऱ्याबरोबर बेटापासून लांब लांब निघाली. “अरे देवा, बगळेदादाही खरंच बोलत होते की!” पुन्हा लहान उतरव, पुन्हा मोठं चढव. पुन्हा ठप्प. पुन्हा लहान. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. चार वेळा शिडं बदलून झाली, आणि बेट आधीपेक्षा लांब गेलं होतं. गवताची नुसती शेंडी पाण्यावर दिसत होती.

सशीण रडकुंडीला आली. विचारावं म्हणून तिने मागे पाहिलं, तर होडी काठाकाठाने इतकी वाहत गेली होती, की बगळा आणि खेकडा तिळाएवढे दिसत होते. हाक तिथवर पोचणं शक्य नव्हतं. आता विचारणार कोणाला? समोर होती ती फक्त होडी. “मोठं तर मोठं! आता काही झालं तरी हे उतरवायचं नाही,” असं म्हणून तिने डोळे पुसले आणि होडीचं तोंड कधी वळतं, कशाने वळतं, ते नीट पाहू लागली. ते वाऱ्याकडे वळू लागताच तिने दोरी जराशी ढिली सोडली. तोंड थांबलं! ती सरकत सरकत पार मागच्या टोकाला जाऊन बसली. तशी होडीची वाऱ्याकडे वळायची ओढ आणखी कमी झाली. मग मात्र तिने सुकाणूचा दांडा बगलेत दाबून धरला. होडी जरा रडतखडत, पण बेटाकडेच निघाली.

ती पोचली तेव्हा बेटाच्या उंचवट्यावरही पाणी आलंच होतं. सगळ्यांत धाकटं पिल्लू थोरल्याच्या पाठीवर चढून बसलं होतं. सशिणीने एकेकाला मानेला धरून होडीत घेतलं आणि तिघांना पोटाशी घट्ट धरून ती हमसून हमसून रडली. परतताना वारा पाठीमागून होता, तेव्हा मोठं उतरवून तिने लहान शीड लावलं आणि काठ येईपर्यंत तेच ठेवलं.

काठावर बगळा आणि खेकडा वाटच पाहत होते. “पाहिलंस? जाताना मोठंच कामी आलं,” बगळा म्हणाला. “आणि येताना?” खेकडा नांगी उगारून म्हणाला. “आता तूच सांग बाई, आमच्यातलं खरं कोणाचं?”

“दोघांचंही खरं होतं,” भिजलेली पिल्लं चाटून कोरडी करत सशीण म्हणाली, “आणि दोघांचंही ऐकत बसले, म्हणूनच आज माझी पोरं बुडत होती.”

तात्पर्य : दोन खरे सल्ले आलटून पालटून पाळणारा कुठेच पोचत नाही, एक धरावा, आणि त्याची खोड ओळखून तो निभावून न्यावा.