गॅलरीतल्या चौघी

“…मग एकट्याने आत बसून राहायला हवं होतं का, अक्का? सगळा पक्ष उठला. आमच्या नेत्यांबद्दल नको ते बोलले ते लोक. मी काय करायला हवं होतं?”

आमदार जयवंतराव कुदळे विचारत होते.

मठातल्या द्वारकाक्का वाती वळत होत्या. त्यांनी हातातली वात पुरी केली, तबकात ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

श्रावणातला शुक्रवार होता. जिवतीच्या कहाणीसाठी मठाच्या ओसरीवर पंधरा-वीस बाया जमल्या होत्या. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाडा-दुर्वांची माळ, पुढे दूध आणि चणे-फुटाणे. आमदार न सांगता आले होते. ते विरोधी पक्षाचे, तिसऱ्यांदा निवडून आलेले. त्यांची आई याच ओसरीवर शुक्रवार करायची, म्हणून अक्कांपाशी ते अजूनही जमिनीवरच बसत.

“त्याला काय म्हणतात रे, तसं उठून जाण्याला?” अक्कांनी विचारलं.

“सभात्याग.”

“अगबाई! केवढा तो शब्द.”

बाया हसल्या. आमदारही हसले. त्यांना जरा मोकळं वाटलं.

“अक्का, या अधिवेशनात दवाखाने, एसटी, अंगणवाड्या, कामगार, यांच्यावर सगळ्यात जास्त प्रश्न कुणी विचारले असतील? मी. पेपरात आलंय.” त्यांनी खिशातून कात्रण काढलं. “आणि हा त्या दिवशीचा फोटो. विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा. पहिल्या पानावर होता.”

अक्कांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवला.

“हा तू?”

“हो.”

“तोंड केवढं उघडलंयस.”

“घोषणा देत होतो.”

“आणि ही काखेत काय आहे?”

“फाईल आहे.”

“कसली?”

आमदारांनी कात्रण परत घ्यायला हात पुढे केला. अक्कांनी ते दिलं नाही. त्यांचं बोट फोटोतल्या फाईलीवरच होतं.

“दवाखान्यातल्या कंत्राटी आयांची,” ते म्हणाले. “त्यांचा प्रश्न त्याच दिवशी होता.”

“काय होतं हिच्यात?”

“त्यांच्या हजेऱ्या. नऊ वर्षांच्या. मंत्री नाही म्हणाले असते, तर उभं राहून दाखवायच्या होत्या. मग त्यांना सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं असतं.”

“मग?”

“…मग आम्ही बाहेर होतो.”

खांबापाशी एक बाई चणे निवडत बसली होती. तिचा हात थांबला. आमदारांचं लक्ष तिच्याकडे आत्ता गेलं.

“शेवंताबाई… तुम्ही इथं?”

“मी दर शुक्रवारी असते, साहेब. रजा मिळाली तर.”

शेवंता खंदारे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आया होती. कंत्राटावरच्या एकशे अठरा जणींतली एक. ओसरीवरच्या दोघींची बाळंतपणं तिच्या हातावर झाली होती.

आमदार घाईघाईने म्हणाले, “हे बघा, प्रश्न पुन्हा लावता येतो. आणि मी तुमच्यासाठी मोर्चा काढलाय, तीन दिवस उपोषणाला बसलोय…”

“आधी कहाणी,” अक्का म्हणाल्या.

कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची वाटी फिरली. अक्कांनी चिमूटभर आमदारांच्या हातावरही ठेवल्या.

“मला? हे बायकांचं ना, अक्का?”

“तुला लेकरं आहेत ना? घे. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. मध्ये उठायचं नाही. आई सांगायची ना तुझी?”

“सांगायची.”

“आज कहाणी शेवंता सांगेल.”

शेवंता दचकली. “मला कुठं येते, अक्का?”

“मुंबईची सांग.”

तिने पदर सारखा केला. एकदा आमदारांकडे पाहिलं, मग जिवतीच्या कागदाकडे बघत बोलू लागली.

“एक मोठं शहर होतं. तिथं समुद्र होता म्हणे, आम्ही काही बघितला नाही. तिथं राज्याची सभा भरली होती. चौघीजणी तिथं गेल्या. रातभर गाडीत उभ्यानं गेल्या. साहेबांनी स्वतःच्या सहीचे पास दिले होते, खोटं कशाला बोलू. दारात पिशव्या काढून घेतल्या. आमच्यातल्या सुमनच्या कमरेची पानसुपारीची पिशवीसुद्धा घेतली. ती म्हणाली, सुपारीनं काय सरकार पडणार आहे का?”

बाया हसल्या. एक म्हणाली, “पडलं तर पडलं!”

“मग वर गॅलरीत बसवलं. तिथला शिपाई म्हणाला, बोलायचं नाही, हात करायचा नाही, उभं राहायचं नाही. आम्ही म्हटलं, बरं. दवाखान्यात तरी आम्ही कधी बोलतो? खाली साहेब दिसले. सुमनला मी कोपरानं ढोसलं, ते बघ आपले. हातात आपली फाईल. मग एकदम गलका झाला. कोण काय बोललं, कळलं नाही. सगळे उठले. साहेबही उठले, ओरडत ओरडत बाहेर गेले. सुमन म्हणाली, आता गं? मी म्हटलं, चहाला गेले असतील. आपला नंबर आला की येतील…”

फोन वाजला. दारात उभा असलेला आमदारांचा पीए तो घेऊन लगबगीने आत आला.

“साहेब, वरून आहे. नेत्यांचा.”

आमदार एका गुडघ्यावर उठले. सवयीनेच उठले. मग त्यांचं लक्ष गेलं. सगळ्या बाया त्यांच्या मुठीकडे बघत होत्या. अक्का मात्र वात वळत होत्या.

फोन वाजत राहिला…

आमदार खाली बसले.

फोन बंद झाला. पीए तिथेच उभा राहिला, फोन दोन्ही हातांत धरून.

“मग?” अक्का म्हणाल्या.

“मग वरच्या खुर्चीतल्या साहेबांनी आपला नंबर पुकारला. आपल्या साहेबांचं नाव घेतलं. सगळं शांत. मी दाराकडे बघितलं.” शेवंता थांबली. “मी उठले, अक्का. उठायचं नव्हतं, पण उठले. मला म्हणायचं होतं, आहेत, बाहेर आहेत, आत्ता बोलावून आणते. शिपायानं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. भला माणूस होता, नंतर पाणी दिलं त्यानं. तोवर पुढचा नंबर निघाला होता. कुठल्या तरी पुलाचा.”



“मग उत्तराचा छापील कागद आला. साहेबांनी लिहून विचारलं होतं, या बायका नऊ वर्षं सलग काम करतात, हे खरे आहे काय? त्याच्या खाली लिहिलं होतं, हे खरे नाही.”

“आणि?”

“आणि काही नाही. तेवढंच. मी सुमनला विचारलं, मग नऊ वर्षं आपण कुठं होतो गं?”

ज्या दोघींची बाळंतपणं तिने केली होती, त्यांनी मान खाली घातली. त्यांतली एक पुढे कितीतरी दिवस सांगायची, “मी तिला दवाखान्यात ‘ए बाई’ म्हणून हाक मारली होती. नाव विचारायचं सुचलंच नाही.”

“या महिनाअखेर कंत्राट संपतंय,” शेवंता म्हणाली. “नवा ठेकेदार म्हणतो, चाळिशीच्या आतल्याच घेणार. आमच्यातल्या नव्वद तरी जणी घरी बसणार. सभा तर उठली, ती आता थंडीत भरणार म्हणे… इथवरच आहे, अक्का. पुढचं मला येत नाही.”

आमदारांच्या बोटांच्या फटींतून कुंकवाचं पाणी मनगटावर उतरलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

“मला वाटलं, तुम्ही रागावून बोलाल,” ते हळू म्हणाले.

“रागावून काय करू, साहेब? आमच्यासाठी विचारणारं दुसरं कोण आहे?”

आमदारांनी डोळे मिटून घेतले.

“एक विचारू का?” शेवंता म्हणाली. “सोमवारी सगळ्याजणी दवाखान्याच्या मागं जमणार आहेत, पिंपळाखाली. त्या मला विचारतील. त्यांना काय सांगू?”

आमदारांनी तोंड उघडलं.

“अधिवेशनात…” ते म्हणाले. थांबले.

“पक्षाच्या वतीने मी…” पुन्हा थांबले.

सभागृहात ज्यांचा आवाज माईक बंद केला तरी ऐकू यायचा, त्यांना शब्द सापडेना. कान लाल झाले. पीएने तोंड दाराकडे फिरवलं.

मग ते गुडघ्यांवर पुढे सरकले आणि शेवंताच्या पायांपाशी त्यांनी डोकं टेकवलं.

“अगं आई, साहेब! हे काय… उठा, उठा!” तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की तीच रडकुंडीला आली.

ते उठले नाहीत. कपाळ फरशीवर, खांदे हलत होते. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. एक म्हातारी पुटपुटली, “आईचा गुण आहे हो. मोठं मन लागतं याला.”

अक्कांचं वात वळणं चालूच होतं.



शेवंता कधी त्यांच्या पाठीकडे बघत होती, कधी अक्कांकडे. तिच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालं नव्हतं, आणि आता पुन्हा विचारायची तिला चोरी झाली होती.

अक्कांनी कापूस खाली ठेवला.

“जयवंता,” त्या म्हणाल्या, “एवढं वाकलं की समोरचीचं तोंड दिसत नाही रे.”