कमीत कमी किती

"मग शून्य झालं का?" बाबांनी विचारलं.

"नाही सर… बाबा. शून्य होत नाही. पण आजवर कुणी आणलं नव्हतं इतकं खाली मी आणलंय."

हे सांगताना मयूरेशची मान ताठ झाली. होणारच. कैक वर्षं त्यापायी खपला होता तो.

बाबा म्हणजे सारंगधरबाबा. आता महानुभाव मठातले संन्यासी. पण दीक्षा घेण्याआधी त्यांनी जिल्ह्याच्या कॉलेजात उभी हयात फिजिक्स शिकवलं होतं. मयूरेश टापरे हा त्यांचा लाडका विद्यार्थी. पुढे तो पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत शास्त्रज्ञ झाला, नावारूपाला आला. त्यांना सर म्हणावं की बाबा, एवढं मात्र त्याला अजून सुटलेलं नव्हतं.

दोघे मठाच्या ओट्यावर बसले होते. समोर धरणाच्या पाण्याचा फुगवटा होता म्हणे. दिसत काहीच नव्हतं. हिवाळ्यातलं धुकं सगळ्यावर पसरलं होतं. मधूनच एखादा पक्षी पाण्यावर उतरल्याचा आवाज येई आणि तोही धुक्यात मुरून जाई.

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले. "सावकाश. मी म्हातारा झालोय."

"चहा ठेवला की निवतो. खोलीइतका गार झाला की थांबतो. तो समतोल. निर्जीव वस्तूचं सगळं तिकडेच चाललेलं असतं. जिवंत पेशी तेवढी तिकडे जायला नाही म्हणते. बाहेरून काहीतरी घेते, जाळते, उरलेलं बाहेर टाकते. घेणं थांबलं की तिचाही समतोल होतो."

"म्हणजे?"

"मरते."

"हं…"

"मी एवढंच विचारलं, की जगायला तिला कमीत कमी किती घ्यावं लागतं? आणि ती सीमा गणिताने मांडली."

"सुटलं कसं ते गणित? पेशीत तर आठवडी बाजार भरलेला असतो."

मयूरेशला हसू आलं. सरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

"आधी पेशीची भिंत बंद धरायची. आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही. तसं धरलं की सुटतं. मग येणं-जाणं किंचित किंचित आत सोडायचं."

"बंद? किती वेळ?"

"गणितापुरतीच, सर."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मयूरेशला वाटलं, त्यांना डुलकी लागली.

"बाबा… मी दीक्षा घ्यायचं ठरवलंय."

"ठरवलंयस?"

"हो. राजीनामा लिहून ठेवलाय. मंजूषाला सांगितलंय. सावनी पाच वर्षांची आहे, तिची सगळी सोय लावलीय. मला फारसं काही लागत नाही. दोन कपडे, एक वेळचं जेवण. खरं तर आधीपासूनच काही लागत नाही."

मुलीचं नाव घेताना छातीत कळ आली. ती त्याने गिळली. कळ गिळण्यात तो फार पूर्वीच तरबेज झाला होता.

"मंजूषा काय म्हणाली?"

बायकोचं नाव निघताच मयूरेश धुक्याकडे पाहू लागला.

"बरं. ऊठ. भिक्षेची वेळ झाली."

बाबांचे गुडघे पार गेलेले. एक पाऊल टाकून ते थांबत, मग दुसरं टाकत. बांधावरची वाट पायांपुढे हातभर दिसे, मागे वळून पाहावं तर तीही पुसलेली. मयूरेशला आपण चालतोय की नुसतेच तरंगतोय, हे कळेना. बरं वाटत होतं. असंच कुठेही न पोचता चालत राहावं, असं त्याला वाटलं.

"बाबा, गावातले लोक आनंदाने मठात डबा पोचवतील. या गुडघ्यांनी कशाला हिंडता?"

"पोचवतात की. खातो मी."

"मग?"

"त्यात मागणं होत नाही."

मयूरेशला हे काही पटलं नाही. दोन भाकरींसाठी एवढी पायपीट म्हणजे शुद्ध तोटा. किती तोटा, याचा हिशेबही त्याने मनातल्या मनात मांडून टाकला. खोड, दुसरं काय.

गाव आधी कानांना भेटलं. कुठे बादली वाजली, कुठे भाकरी थापल्याचा आवाज आला, कुणी पोराला हाका मारत होतं. मग दारं दिसू लागली. भिंती अजून धुक्यातच होत्या, नुसती दारं तेवढी उभी होती.

पहिल्या दाराशी बाबा थांबले.

"दंडवत, माई. भिक्षा."

"दंडवत बाबा. थांबा, पिठलं बी हाये आज."

बाबा थांबले. शाळेच्या फाटकाशी आईची वाट पाहणारं पोर थांबतं तसे, लाज ना संकोच. बाईने भाकरीवर पिठलं घालून दिलं. बाबांनी ते झोळीत घेतलं आणि पुढे निघाले.

दुसऱ्या दाराअलीकडे त्यांनी झोळी खांद्यावरून काढली आणि मयूरेशच्या हातात दिली.

"इथे तू जा."

"मी?"

बाबा बाजूला सरले. दोन पावलांत धुक्यात विरघळले.

दार उघडं होतं. आत एक म्हातारी पाठमोरी, चुलीशी बसलेली. मयूरेश उंबऱ्याबाहेर उभा राहिला. एकच शब्द बोलायचा होता. देशोदेशीच्या सभांमध्ये हातात कागद न घेता तासन्‌तास बोललेला माणूस तो. त्याने तोंड उघडलं…

शब्द येईना. झोळी हातातून खाली टाकून पळत सुटावंसं वाटलं.

म्हातारीला चाहूल लागली. ती वळली.

"कोन हाये? काय पायजे?"

"काही नको," तो म्हणाला.

तोंडून निघून गेलं. रोज निघतं तसंच.

म्हातारीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "काई नको, तर मंग दारात कशापाई हुबा राह्यलास, लेकरा?"

उत्तराची वाट पाहून ती पुन्हा चुलीकडे वळली.

मयूरेश मागे फिरला. बाबा कुठे आहेत ते दिसेना. पांढऱ्या धुक्यात तो आंधळ्यासारखा हात पुढे करून चालत राहिला आणि अखेर तो हात बाबांच्या खांद्याला लागला.

"मिळाली?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "मंजूषा म्हणाली… तुला आमच्याकडून काहीच लागत नाही रे. मग आम्ही कशाला आहोत?"

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, उलट बरंच आहे की. तुम्हाला त्रास नको."

एवढं बोलून त्याला रडू फुटलं. आवरेना. इतका मोठा माणूस, गावाच्या रस्त्यात, झोळी छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. सावनी झोपताना त्याचं बोट धरायला यायची आणि तो ते हलकेच सोडवून घ्यायचा, ते आठवलं. घरात आपण किती कमी घेतो, याचा आपल्याला अभिमान होता, हेही आठवलं.

बाबा तसेच शेजारी उभे राहिले. समजूत घातली नाही. कुठेतरी सूर्य वर आला असावा. धुकं आतून पिवळसर होऊ लागलं.

बऱ्याच वेळाने मयूरेशने डोळे पुसले.

"बाबा… मला दीक्षा द्याल?"

बाबा सकाळपासून पहिल्यांदाच हसले. त्याच्या हातातली झोळी घेऊन त्यांनी ती त्याच्या खांद्याला नीट अडकवली.

"पुण्यात कितव्या मजल्यावर राहतोस?"

"चौथ्या."

"घराची किल्ली असते तुझ्याजवळ?"

"असते की. खिशातच आहे."

"ती काढू नकोस. बेल वाजव… आणि बाहेर उभा राहा."