फीत बांधलेला भोंगा

एका गावात एक विद्यापीठ होतं. गाव लहान आणि विद्यापीठ मोठं. दगडी कमान, कमानीवर संस्कृत वचन, आत शिरलं की डाव्या हाताला रसायनशास्त्राची इमारत. त्या इमारतीत काय नव्हतं? कातडी जाळणारी आम्लं होती, ठिणगीसरशी भडकणारे द्रव होते, नुसत्या वासानं माणूस आडवा पाडणारी औषधं होती. असू देत बापडी! शिकायचं म्हटलं की या गोष्टी लागतातच. घरात विळी असते म्हणून कुणी भाजी चिरायची सोडत नाही. ती कुठे ठेवायची आणि बोट कापलं तर काय करायचं, एवढं मात्र माहीत असावं लागतं.

काही सांडलं, फुटलं, पेटलं तर काय करायचं याची तयारी असावी, म्हणून वरून हुकूम आला होता. दरवर्षी एकदा सराव करा. भोंगा वाजवा, माणसं बाहेर काढा, कुठे अडतं ते बघा आणि सुधारा. हुकूम शहाणपणाचा होता. पण शहाणपणाच्या हुकमाचं मातेरं कसं करावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

त्या विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. पद्माकर निमगावकर. विद्वान माणूस, पण समारंभ म्हटला की विरघळायचे. त्यांनी सरावाचा सोहळा करून टाकला. पत्रिका छापल्या. मैदानावर मांडव घातला. पुढे सोफे, मागे खुर्च्या. स्वागतगीत, शाल, श्रीफळ आणि दीपप्रज्वलन. अहो, आगीपासून वाचायचा सराव, आणि त्याची सुरुवात काय, तर दिवा पेटवून! भोंग्याचं बटण पूर्वी इमारतीच्या दाराशी होतं. ते तिथून काढलं, वायर ओढून व्यासपीठावर आणलं आणि त्याला लाल फीत बांधली. का? तर ते प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दाबायचं होतं. पाहुण्यांनी बटण दाबलं की चार पोरं स्ट्रेचर घेऊन इमारतीत धावायची, एका ‘बेशुद्ध’ मुलीला उचलून मांडवात आणायची, मुलगी डोळे उघडून हसायची आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सराव झाला म्हणे!

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या सुमती वैराळे. बाई जरा फटकळ. त्या एकदा कुलगुरूंना म्हणाल्या, “सर, खरा वायू सुटेल तो काही पत्रिका वाचून सुटणार नाही. एकदा कुणाला न सांगता भोंगा वाजवून बघू या.”

“न सांगता वाजवला तर लोक घाबरतील, मॅडम.”

“घाबरून कुठे पळतात, तेच तर बघायचंय!”

“आणि पाहुणे? त्यांना काय न सांगता बोलवायचं?” कुलगुरू हसले, आजूबाजूचे चारजण त्यांच्याहून मोठ्यांदा हसले आणि विषय तिथेच मिटला.

त्या वर्षी सरावाला मंत्री यायचे होते. मग काय विचारता! विद्यापीठ झाडून-पुसून लखलखीत करायचा आदेश निघाला. आता पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घरी काय करतो? बाहेरच्या खोलीतला पसारा उचलतो आणि आतल्या खोलीत कोंबून दार ओढून घेतो. तस्सं केलं. घरी कोंबतो ती गोधड्या-गाठोडी असतात. इथे कोंबल्या गेल्या प्रयोगशाळांमधल्या जुन्या बाटल्या. कुणाची चिठ्ठी उडालेली, कुणाचं बूच गळकं. सगळं तळमजल्यावरच्या एका खोलीत. खाली ब्लीचिंग पावडरची पोती, त्यांवर आम्लाच्या बाटल्यांचे पुठ्ठ्याचे खोके. वैराळेबाई तेव्हा परीक्षेच्या कामाला परगावी गेल्या होत्या. असत्या तर दारात आडव्या पडल्या असत्या.

यंदा ‘बेशुद्ध’ व्हायचं काम तेजल खंदारेकडे आलं होतं. दुसऱ्या वर्षाला होती. आई शिवणकाम करायची आणि घरात या दोघीच. पोरगी नाटकात बरी काम करायची म्हणून तिला निवडलं. आणि तिला बसवलं कुठे? त्याच कोंबाकोंबीच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत. मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. कुलगुरू स्वतः पाहणी करायला आले आणि म्हणाले, “दार बाहेरून लावा. कडी काढून मुलीला सोडवलं की प्रसंग कसा रंगतो बघा!” तिचा फोनही काढून घेतला. बेशुद्ध मुलीच्या हातात फोन दिसला तर फोटो बिघडतो ना! “भोंगा वाजेपर्यंत हलायचं नाही हं,” असं बजावून सगळे मांडवाकडे गेले. पोरगी आज्ञाधारक होती. आतल्या बाकावर बसून राहिली.

पाहुण्यांना उशीर झाला. तो व्हायचाच, नाहीतर पाहुणे कसले? ऊन तापलं. मांडवातल्या पोरांना सरबत दिलं, मग पुन्हा एकदा स्वागतगीताचा सराव घेतला. तिकडे बंद खोलीत एका गळक्या बाटलीनं खालचा पुठ्ठा भिजवून टाकला होता. खोक्याचा तळ सुटला. बाटल्या पोत्यांवर पडून फुटल्या आणि ब्लीचिंग पावडरीत आम्ल शिरलं. पुढे काय होतं, ते त्या इमारतीतल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं सांगितलं असतं. फक्त विचारायला कुणी जागेवर नव्हतं, सगळे मांडवात होते.

वैराळेबाई त्याच सकाळी परगावाहून परतून तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या होत्या. वाऱ्याच्या एका झुळकीसरशी वास आला आणि नाकात टोचला. त्यांनी मान वळवून पाहिलं, तर तळमजल्याच्या झरोक्यातून पिवळट हिरवा धूर बाहेर येत होता. बाई उठल्या आणि धावत व्यासपीठावर गेल्या.

“सर, क्लोरीन सुटलाय. भोंगा वाजवा! इमारतीत कोण आहे?”

“सरावातली मुलगी आहे फक्त.” कुलगुरूंनी झरोक्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी कमानीकडे पाहिलं. तिथे लाल दिव्याच्या गाड्या वळत होत्या. “मॅडम, पाहुणे आलेच. पाच मिनिटं कळ काढा. बटण त्यांच्या हस्ते दाबायचंय.”

“पाच मिनिटांत ती पोरगी मरेल!”

“आरडाओरडा करू नका. विद्यापीठाची अब्रू जाईल.”

ऐकलंत? आत पोरीचा जीव जातोय, आणि या गृहस्थांना अब्रूची काळजी! त्यांचे हात बटणापासून वीतभर अंतरावर होते. पण माणूस हातानं कुठे बटण दाबतो? आधी मनानं दाबावं लागतं. तेवढंच त्यांच्याच्यानं झालं नाही.

बाईंनी फीत ओरबाडली आणि बटण दाबलं. भोंगा बोंबलला. बाईंनी माईक ओढून घेतला. “हा सराव नाही! खरा वायू सुटलाय! वाऱ्याच्या वाटेत थांबू नका, टेकडीकडे पळा!”

आणि मांडवानं काय केलं? टाळ्या वाजवल्या! हो, टाळ्या! दरवर्षी भोंगा झाला की टाळ्या वाजवायच्या, हेच तर त्या पोरांना शिकवलं होतं. “मॅडमनी काय काम केलं राव!” असं मागच्या रांगेतलं कुणीतरी ओरडलं. कुलगुरूंनी तोंड उघडून एक शब्द बोलायचा होता. ते व्यासपीठावर उभे होते, माईक शेजारी होता. ते कमानीकडून येणाऱ्या गाड्याच बघत राहिले.

स्ट्रेचरवाली पोरं ठरल्याप्रमाणे धावली, इमारतीच्या दारात पोचली आणि खोकत, डोळे चोळत मागे फिरली. त्यांचा काय दोष? त्यांना स्ट्रेचर कुठल्या बाजूनं फोटोत छान दिसतं, एवढंच शिकवलेलं. मांडवाच्या कडेला संरक्षक साधनांचं प्रदर्शन लावलं होतं. त्यात वायूपासून बचावाचे मुखवटे नीट ओळीनं मांडलेले. बाईंनी एक उचलला.

“मॅडम, पाकीट फोडू नका!” मांडणी सांभाळणारा माणूस ओरडला. “दुकानदाराला परत द्यायचेत!”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात, ते ऐकलं होतं. इथे तर बंब भाड्यानं आणून, हार घालून ठेवलेला. बाईंनी दातांनी पाकीट फाडलं, मुखवटा तोंडाला लावला आणि आत शिरल्या. धुरातून एकेक दार चाचपडत त्या तेजलच्या खोलीशी पोचल्या. कडी बाहेरून होती. ती काढल्याबरोबर तेजल त्यांच्या पायांवर कोसळली. बाईंनी तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. तिथून पोरांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. ओठ निळे पडले होते आणि छाती भात्यासारखी ओढत होती.

नेमके तेव्हाच पाहुणे मांडवात शिरले. स्ट्रेचरकडे बघून ते थांबले आणि म्हणाले, “वा! काय जिवंत अभिनय!” त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सोफ्यांनी वाजवल्या. मग अख्ख्या मांडवानं.

आता तरी बोला ना, कुलगुरू! आता तरी सांगा की हा अभिनय नाही! कुलगुरूंनी हात जोडले, कमरेत वाकले आणि म्हणाले, “आपले आशीर्वाद, साहेब.”

मग वारा फिरला. वास सोफ्यांपर्यंत आला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की हे खरं आहे. सोफ्यावरची माणसं सगळ्यांच्या आधी पळाली. पोरं बिचारी खुर्च्यांत अडखळत, एकमेकांना धरत टेकडीकडे गेली. रुग्णवाहिका होती, पण तिच्या पुढे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागलेली. वैराळेबाईंनी सरळ पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडलं, तेजलला आत आडवं केलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “दवाखान्यात चल. नाही म्हणालास तर मी चालवते.” तो शहाणा होता, त्यानं गाडी काढली.

पोरगी वाचली. वाचली म्हणजे जिवानिशी गेली नाही, एवढंच. फुप्फुसं भाजून निघाली होती. चार पावलं चालली की धाप लागायची, एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहील. नाटक गेलं, जिना गेला, पोटभर हसणंही गेलं.

आणि विद्यापीठानं काय केलं? अहवालात लिहिलं की सराव यशस्वीपणे पार पडला. वैराळेबाईंना नोटीस गेली. कशाबद्दल? पाहुण्यांसाठी राखलेलं बटण परवानगीशिवाय दाबल्याबद्दल. लाज नावाची वस्तू बाजारात मिळत नाही, नाहीतर दोन पोती विकत घेऊन त्या कमानीत ओतली असती.

कुलगुरू दवाखान्यात भेटायला गेले. तेजलच्या आईनं, मंगलताईंनी, त्यांना बसायला स्टूल दिलं. माणूस दारी आला की बसा म्हणायचं, ही त्यांची रीत.

“फार वाईट झालं, ताई,” कुलगुरू म्हणाले. “पण आमच्याकडून तयारीत काही कसर नव्हती. महिनाभर राबत होतो.”

“कशाची तयारी, साहेब?” मंगलताईंनी विचारलं. “माझ्या पोरीला बाहेर काढायची, का पाहुण्यांना आत घ्यायची?”

कुलगुरू चाचरले. “तसं नाही, ताई. आतून काही आवाज आला असता तर आम्ही लगेच... पण आम्हाला काही ऐकूच आलं नाही.”

तेव्हा खाटेवरून तेजल बोलली. एकेक शब्द ओढत बोलली.

“सर, मी दार वाजवत होते. खूप वेळ. मलाही बाहेरचं... ऐकू येत होतं. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता.”

 कुलगुरू खाली मान घालून उठले आणि गेले. मंगलताईंनी लेकीच्या पाठीला उशी लावली आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

तात्पर्य: माणसानं ज्याचा सराव केलेला असतो, तेच संकटात त्याच्या हातून घडतं. जीव वाचवायचा सराव केलात तर जीव वाचवाल. पाहुण्यांसाठी सराव केलात तर दाराआड लेकरू गुदमरत असतानाही पाहुण्यांचीच वाट बघत उभे राहाल.