येसूचा ठिगळ्या

सात डोंगरांच्या पाठीमागे, जिथे वारासुद्धा दुडक्या चालीनं येतो आणि भरधाव निघून जातो, तिथे टापोली नावाचं एक गाव होतं. गावात माणसं कमी आणि घोडे जास्त. काळेभोर घोडे, तांबूस घोडे, पांढरेशुभ्र घोडे. पण प्रत्येक घोडा एकाच रंगाचा. शिंगराच्या अंगावर दुसऱ्या रंगाचा एवढुसा ठिपका दिसला की टापोलीकर नाक मुरडायचे आणि ते शिंगरू वरातवाल्यांना देऊन टाकायचे. नवरदेवाला पाठीवर घ्यायचं, ताशाच्या तालावर नाचायचं, एवढंच त्याच्या नशिबी. शर्यतीत धावायचं ते एकरंगी घोड्यांनीच. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, असं विचारलंत तर गावात कुणालाच सांगता यायचं नाही.

या गावाच्या टोकाला, बाभळीच्या कुंपणाच्या आत, सात वर्षांची येसू राहायची. तिला आई नव्हती. तिचे बाबा, धर्मा नालबंद, घोड्यांना नाल ठोकायचे. पण एका अवखळ घोड्याच्या लाथेनं त्यांचा उजवा हात अधू झाला होता. डाव्या हातानं काम हळू व्हायचं, म्हणून लोक दुसरीकडे जायचे. कधी चूल पेटायची, कधी नुसती धुमसायची. येसूच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळचं कापड कुठलं, ते शोधावं लागायचं.

आणि येसूची एक घोडी होती, कवडी. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेली. थकली म्हणून वरातवाल्यांनी तिला माळावर सोडून दिलं होतं, तेव्हा येसूनं तिच्या गळ्यात हात टाकून तिला घरी आणलं. गावातली पोरं खिदळायची, मालकीण ठिगळांची आणि घोडीही ठिगळांचीच! येसूचे कान लाल व्हायचे, पण ती कवडीला खरारा करत राहायची. कारण तिच्या इवल्याशा डोक्यात एक भलंमोठं वेड शिरलं होतं. तिला रंगीत घोड्यांची पागा उभी करायची होती, आणि त्यातला एक घोडा चैत्राच्या जत्रेत शर्यतीत पळवायचा होता.

त्या शर्यतीचं बक्षीस म्हणजे राजाचं कुरण. जो जिंकेल त्याच्या घोड्यांना वर्षभर तिथलं गुडघाभर गवत मिळायचं. बाकीच्यांनी खडकाळ डोंगरावर जे उगवेल ते शोधायचं. कवडी तर तेव्हा गाभण होती. वाटेवरून जाणाऱ्या एका व्यापाऱ्याचा काळा घोडा दोन दिवस गावात मुक्कामाला होता, त्याचं हे पिल्लू. तिच्या फासळ्या मोजता यायच्या, आणि येसू रोज तीन कोस चढून तिच्यासाठी गवताची पेंढी आणायची.

असंच एकदा फाल्गुनात येसू गवत कापत पळसांच्या रानात शिरली. सगळं रान केशरी झालं होतं. झाडांवर केशरी, जमिनीवर केशरी, ओढ्याच्या पाण्यातही केशरी झुळझुळत होतं. तेवढ्यात तिला बारीकसं खिंकाळणं ऐकू आलं. वाकून बघते तो काय, एका पानावर करंगळीएवढा घोडा! गुलाबी, पोपटी, निळा, सोनेरी, सगळे रंग त्याच्या अंगावर एकमेकांत मिसळून चमचमत होते. पण तो पुढचा एक पाय उचलून थरथरत उभा होता, आणि त्याच्या मानेला मिठी मारून एक पिटुकली परी मुसमुसत होती.

येसू नालबंदाची लेक. घोडा करंगळीएवढा असो की डोंगराएवढा, खुरात काय बोचलं ते बघायला तिला शिकवावं लागत नव्हतं. तिनं त्याचा पाय नखावर घेतला. आत गोखरूचा काटा होता. जिभेवरचं गाणं थांबू न देता, जसे बाबा घोड्यापाशी गुणगुणत राहायचे तशी गुणगुणत, तिनं तो अलगद काढला. फडक्यात तिच्या दुपारच्या जेवणाची अर्धी भाकरी आणि बोटभर गूळ होता. गुळातला निम्मा तिनं त्या इवल्या घोड्यापुढे ठेवला, आणि त्यानं मान हलवत तो चाटूनपुसून संपवला.

परी डोळे पुसून हसली, तशी तिच्या पंखांवरून रंगांची बारीक धूळ उडाली. ती रंगपरी होती. फुलांना, पाखरांना, घोड्यांना रंग देणं हे तिचं काम. तिनं पळसाच्या फुलाच्या पाकळ्या येसूच्या हातावर ठेवल्या. गोष्टींमध्ये अशा वेळी तीन इच्छा मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. पण येसूला दोनच मिळाल्या, कारण तिसरी पाकळी त्या घोड्यानं गुळापाठोपाठ खाऊन टाकली.

“येसूबाळ, एका पाकळीला एक इच्छा,” परी म्हणाली. “पण माझे नियम आहेत हं. माझ्याकडे फक्त रंग मागायचा. वेग मागू नकोस, जिंकणंही मागू नकोस, ते माझ्या झोळीत नाही. आणि लाज वाटली म्हणून, किंवा भीती वाटली म्हणून, कुणाचा रंग कधी पुसायचा नाही. पुसलास तर मी तुला पुन्हा दिसणार नाही.”

येसूनं मान डोलावली. पळत पळत घरी आली, कवडीच्या पोटावर हात ठेवला आणि पहिली पाकळी ओंजळीत धरून म्हणाली, “हिच्या बाळाला कवडीचे दोन्ही रंग दे, त्याच्या बापाचा काळाही दे, आणि ते असे दे की लांबून बघितलं तरी डोळे निवावेत.” पाकळी चमकली आणि विरून गेली.

महिन्याभरानं शिंगरू जन्मलं. येसूनं डोळे उघडून पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. शिंगरू राखाडी होतं. चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखं, सगळीकडून सारखंच. बघायला आलेल्यांनी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. येसू फार रडली. दुसरी पाकळी काढून पुन्हा रंग मागावा म्हणून तिनं कनवटीला हात घातला, तेव्हा बाबांनी तिचा हात धरला.

“अगं पोरी, हे जावळ हाय,” ते म्हणाले. “आपल्या लेकराचं जावळ काढावं लागतं, घोड्याचं आपसूक उतरतं. घोड्याचा रंग त्याच्या जावळावरनं सांगणारा अजून पक्का घोडेवाला झाला नाही. थोडा दम धर.”

येसूनं दम धरला. उन्हाळा गेला, पावसाळा आला. एके दिवशी खरारा करताना शिंगराच्या मानेवरची राखाडी लव मूठभर हातात आली आणि खाली चकचकीत काळा रंग दिसला. दुसऱ्या दिवशी पाठीवर पांढरा. मग पोटावर तपकिरी. आठ दिवसांत तिन्ही रंग असे उजळून आले की बाबाही डाव्या हातातला हातोडा खाली ठेवून बघत बसले. पोरं पुन्हा चिडवायला आली तेव्हा येसूनंच आधी सांगून टाकलं, याचं नाव ठिगळ्या. आता चिडवायचं काय, ते पोरांना सुचेना.

ठिगळ्या वाढू लागला. कुरण त्यांच्या वाट्याला नव्हतं, तेव्हा गवतासाठी येसू, कवडी आणि तो रोज डोंगर चढायचे. निसरडे दगड, काटेरी घळी, सुटी वाळू, सगळं त्याच्या पायाखालून गेलं. बाबांनी त्याला नाल ठोकले ते एक एक करून, चार दिवस लावून. आणि येसू झोपताना दुसरी पाकळी हातात घेऊन मनातल्या मनात रंग जुळवायची. ती पाकळी तिनं ठिगळ्याच्या पहिल्या शिंगरासाठी राखून ठेवली होती. गडद निळसर अंग आणि त्यावर चांदण्यांसारखे ठिपके. असा घोडा अजून कुणी पाहिला नव्हता, आणि येसूला तो डोळे मिटले की दिसायचा.

तीन वर्षं झाली. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. डोंगर उघडाबोडका पडला, ओढे आटले, गावभर घोड्यांच्या फासळ्या दिसू लागल्या. म्हाताऱ्या कवडीला तर उठून उभं राहताना आधार द्यावा लागायचा. हिरवं उरलं होतं ते फक्त राजाच्या कुरणात. येसूला कळत होतं की शर्यत हरली तर कवडी पुढचा पावसाळा बघणार नाही.

चैत्राच्या जत्रेत चाळीस घोडे रांगेत उभे राहिले. टापोलीची रीत अशी की प्रत्येक घोड्यापुढे त्याच्या रंगाचं निशाण धरायचं. काळ्यापुढे काळं, तांबड्यापुढे तांबडं. निशाण घोड्याशी जुळलं तरच शर्यतीत पाऊल टाकता यायचं. राजाच्या तबेल्याचा दारोगा एकेक निशाण तपासत आला आणि ठिगळ्यापुढे थांबला.

तो काही वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, “मुली, याचं निशाण कुठल्या रंगाचं धरणार तू? माझं ऐक, चुलीतली काजळी आण आणि घोडा काळा करून टाक. मी डोळेझाक करीन.”

भोवतालचे लोकही तेच सांगू लागले. येसूचा हात आपोआप कनवटीला गेला. काजळी कशाला हवी होती? एका पाकळीत ठिगळ्या मेघासारखा काळाभोर झाला असता. कवडीचे खोल गेलेले डोळे तिला आठवले. तेवढ्यात ठिगळ्यानं तिच्या खांद्यावर मान टाकली. काळी, तपकिरी, पांढरी मान. येसूला त्याचा असा काही अभिमान वाटला की तिचा हात कनवटीवरून सुटला.

तिनं ठिगळ्याच्या पाठीवरची गोधडी ओढून काढली. खोगीर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून बाबांनी डाव्या हातानं शिवलेली ती गोधडी होती. काळ्या, तपकिरी, पांढऱ्या चिंध्यांची. येसूनं ती काठीला बांधली आणि उंच धरली.

“हे आमचं निशाण,” ती म्हणाली. “जुळतंय का बघा.”

दारोग्यानं गोधडीकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं. पुन्हा गोधडीकडे बघितलं. निशाण जुळलं पाहिजे एवढंच नियमात होतं. ते एकाच रंगाचं हवं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याच्या मिशा हलल्या. “जुळतंय,” तो म्हणाला आणि पुढे गेला.

गोधडी निशाणाला गेली, तेव्हा येसू उघड्या पाठीवरच बसली. नगारा वाजला आणि धुरळा उठला.

पहिल्या सपाटीला गेल्या वर्षी जिंकलेला भानजी पाटलाचा काळा घोडा सगळ्यांच्या पुढे होता. कुरणातलं गवत खाऊन तो गुबगुबीत आणि तुकतुकीत झाला होता, आणि ठिगळ्या बाविसावा. मग चढ लागला. सुटे दगड, वाळू, घळ. मऊ कुरणात किंवा दावणीला वाढलेले घोडे बिचकले, घसरले, पाय जपून टाकू लागले. ठिगळ्याला मात्र हे आपलं अंगणच वाटलं. तो दगडावरून दगडावर उड्या घेत निघाला. पंधरावा, दहावा, पाचवा. उतारावर येसू त्याच्या आयाळीत तोंड लपवून “चल रे माझ्या राजा” एवढंच म्हणत राहिली. शेवटच्या वळणावरच्या चिंचेपाशी तो आणि काळा घोडा बरोबरीनं आले, आणि त्यानंतर लोकांना तीन रंगांचा एक पट्टा सरसर जाताना दिसला. शर्यत संपली तेव्हा ठिगळ्या चांगला दोन घोड्यांच्या अंतरानं पुढे होता. बाबा मोठमोठ्यानं रडत होते आणि त्यांना त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. ज्या पोरांनी चिडवलं होतं, त्यांनीच येसूला खांद्यावर घेतलं.

दारोग्यानं कुरणाची किल्ली येसूच्या हातात दिली. तिनं फाटक उघडलं, कवडीला आधार देत आत नेलं आणि तिच्यापुढे गवत मोडून टाकलं. मग तिनं मागे वळून बघितलं. कुंपणाबाहेर गावातले सगळे घोडे उभे होते, माना खाली घातलेले, हाडं वर आलेले. त्यांचे मालक काही मागत नव्हते. मागायला तोंडच नव्हतं.

येसूनं फाटक पूर्ण उघडलं. दारोगा घाईघाईनं म्हणाला की दोन घोड्यांना हे गवत वर्षभर पुरेल, पण एवढ्या घोड्यांना आठ दिवस.

“आठ दिवस तर खातील,” येसू म्हणाली.

घोडे आत आले. आणि येसूनं दुसरी पाकळी काढली. तो निळसर घोडा एकदा तिच्या डोळ्यांपुढून गेला, ठिपक्यांसकट, आणि तिला खूप वाईट वाटलं. पण तिनं पाकळी ओंजळीत धरली. “परी, मला हिरवा रंग दे,” ती म्हणाली. “कुरणालाही आणि कुरणाबाहेरही, डोंगराच्या माथ्यापर्यंत.”

पाकळी उमलली आणि तिच्यातून रंगपरी बाहेर आली, तिच्या त्या चिमुकल्या घोड्यावर बसून. “रंग पुसला नाहीस, आणि शेवटचा रंग स्वतःसाठी ठेवलाही नाहीस,” ती म्हणाली. “येसूबाळ, नुसता हिरवा रंग मला देता येत नाही गं. तो जिथे जातो तिथे त्याला गवतावरच बसावं लागतं.”

तिनं घोड्याला टाच मारली. तो माळावरून धावत सुटला, आणि त्याच्या टापा जिथे जिथे पडल्या तिथून कोवळं, लुसलुशीत गवत लाटेसारखं वर आलं. माळ हिरवा झाला, घळी हिरव्या झाल्या, डोंगर हिरवा झाला. माथ्यावर पोचल्यावर परीनं मागे वळून हात हलवला. सोनेरी, गुलाबी, निळ्या उजेडाचा एक झोत आभाळात चढला आणि त्यात ती दिसेनाशी झाली.

टापोलीतली सगळी माणसं तोंड वर करून बघत राहिली. घोड्यांनी मात्र एकदाही मान वर केली नाही. येसू कवडीच्या गळ्यात हात टाकून उभी होती, आणि साऱ्या माळावर घोडे गवत खात असल्याचा कुरकुर आवाज चालला होता.