कुलपाचा नट

“अप्पा, लावू का फोन सावकारांना?”

रेवणनं पुन्हा विचारलं. अप्पा वाकून चाक बघत होते.

अप्पा म्हणजे टेकडीवरच्या मठाचे म्हातारे स्वामी. रेवण त्यांचा शिष्य, मठाची गाडी तोच चालवतो. त्या गाडीचं मागचं टायर नेमकं माझ्या पंक्चरच्या दुकानासमोर फाटलं. चाकाचे चार नट सुटले. पाचवा सुटेना. तो कुलपाचा नट, चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला. त्याची चावी असल्याशिवाय त्यावर पाना बसत नाही.

“चावी कुणाकडं?” अप्पांनी विचारलं.

“संगशेट्टी सावकारांकडं. गाडी दान दिली तेव्हाच म्हणाले, चावी माझ्याकडं राहू द्या, मठात हरवेल.”

“आणि आपण निघालोय कुठं?”

रेवणनं फोन खिशात ठेवला.

शेजारच्या गावात ग्रामसभा होती. सावकाराच्या दगडखाणीला गावचा डोंगर द्यायचा की नाही, ते आज ठरायचं होतं. अप्पा ‘नको’ म्हणायला निघाले होते. त्यांचा शब्द ते गाव मानतं.

“मागितली तर देईल चावी?”

“देतील की, अप्पा... सभा उठल्यावर.”

अप्पा हसले. माझ्याकडं वळले.

“चांदभाई, चावीशिवाय निघतो का हो हा?”

“निघतो,” मी म्हणालो. “जरा लहान मापाचं सॉकेट हातोड्यानं त्याच्यावर ठोकून बसवायचं. घट्ट धरलं, की लांब पाइप लावून फिरवायचं. पण नट कामातून जातो बघा. परत लावता येत नाही.”

“म्हणजे सावकारांना कळणारच!” रेवण म्हणाला. “त्यांच्या गाडीचा नट फोडला म्हणतील, अप्पा.”

“कुणाच्या गाडीचा?”

“मठा...”

रेवणनं गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला.

“मी रोज पुसतो ही गाडी,” तो हळू म्हणाला. “उद्या ओढून नेली तर? पुन्हा एसटीच्या थांब्यावर उभं राहणार तुम्ही?”

“उभा होतोच की. पाय तेच आहेत.”

अप्पांनी खांद्यावरची शाल काढली. घडी करून जमिनीवर टाकली, तिच्यावर गुडघे टेकले आणि माझ्यापुढं हात केला.

मी हातोडा दिला.

पहिला घाव चुकला. चकचकीत रिमला ओरखडा पडला. रेवणनं डोळे मिटले.

अप्पांनी हातोडा पुन्हा उचलला.

“सरका, अप्पा.”

रेवणनं हातोडा घेतला. ठोकलं. आणखी ठोकलं. सॉकेट रुतून बसलं. पाइप लावला, त्यावर तो उभा राहिला. नट कर्रकन ओरडला आणि फिरला.

मी माझ्या डब्यातला साधा नट काढून दिला. स्टेपनी चढली.

रेवणची छाती आता फुगली होती.

“बघितलं का, चाचा? म्हणे चावी माझ्याकडं राहू द्या! ठेव म्हणावं उशाला!”

त्यानं गाडी सुरू केली. दार उघडलं.

“बसा, अप्पा. आत्ता निघालो तर सभेआधी चहासुद्धा होईल.”

अप्पा बसले नाहीत. त्यांनी शाल उचलली, झटकली, आणि पुढच्या चाकाशी नेऊन अंथरली.

रेवण बघतच राहिला.

“अप्पा... टायर एकच फाटलं होतं.”

अप्पांनी गुडघे टेकले.

“कुलूप चारी चाकांना आहे.”